खाऱ्या पाण्याच्या छोट्या ॲक्वेरियम टाकीत कोरलसाठी (प्रवाळासाठी) लाइट घेण्याआधी

टाकी ६० बाय ३० बाय ३६ सेंटिमीटरची, म्हणजे दगड-वाळू जाऊन पन्नासेक लिटर पाणी, आणि आत झोआ, मशरूम, लेदर अशी मऊ कोरलं, असं धरून ही तयारी सांगतोय. कडक कोरलं भारतात मनातही आणू नका. २००१ पासून ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, पंख्यासारखं दिसणारं सी फॅन हे कोरलही आहे. मालवणच्या किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही.

आधी पार मीटरची, म्हणजे शेवाळाला वापरता येणारा उजेड मोजणाऱ्या यंत्राची, सोय करा. विकत महाग पडतो, तेव्हा एका दिवसापुरता भाड्याने घ्या नाहीतर ओळखीत मागा, पण घरात आणा. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं आणि मशरूम पांढरे पडले. डोळ्यांवर विसंबू नका. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा उजेड सगळ्यात चांगला टिपतो, आणि कोरलच्या लाइटमध्ये मोठा वाटा असतो ४२० ते ४८० च्या निळ्याचा. त्यामुळे टाकी आपल्याला अंधारी वाटते आणि आपण ब्राइटनेस वाढवत सुटतो. कोरलच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला तो उजेड पेलत नाही, त्यात घातक ऑक्सिजन तयार होतो आणि कोरल ते शेवाळच बाहेर टाकतं. फोनवरचं लक्स ॲपही इथे कामाचं नाही, कारण लक्स हे मापच माणसाच्या नजरेवरून ठरलेलं आहे. म्हणून मीटर. पाण्यात बुडवायचा सेन्सर असलेला.

लाइट घेताना ‘लिटरला इतके वॅट’ हा ट्यूबलाइटच्या काळातला हिशेब विसरा. निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे, ही अट सोडू नका. ६० सेंटिमीटर लांबीला एकच गोल दिवा लावला तर मधोमध झळ आणि कोपऱ्यांत अंधार होतो. लांब पट्टी बरी. गोलच घ्यायचा असेल तर रुंद कोनाच्या लेन्सचा, पाण्यापासून २० ते २५ सेंटिमीटर वर. उंची बदलता येणारा स्टँड हवाच.

आता मोजणी. कोरल आणायच्या आधी, हे पुन्हा सांगतो. टाकीत खारं पाणी, दगड जागेवर, पंप चालू, झाकण वापरणार असाल तर झाकण लावून. वाळूवर, दगडाच्या मध्यावर आणि माथ्यावर, डावीकडे, मध्ये, उजवीकडे, असे नऊ आकडे लिहून घ्या. पाण्याच्या लाटेमुळे आकडा नाचतो, सरासरी धरा. हेच ३०, ५० आणि ७० टक्के ब्राइटनेसवर करा. टक्के निम्मे केले की उजेडही निम्मा होईलच असं नाही. मीटरवर मशरूमला ५० च्या आसपास पुरे, झोआला ७५ ते १२०, लेदरला १०० ते १५०. जागा या आकड्यांवरून ठरवायची, कुठे शोभून दिसतं त्यावरून नाही.

कोरल आल्यावर ठरलेल्या आकड्याच्या निम्म्यावर सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत महिन्याभरात पूर्ण करा. झोआचे देठ लांबायला लागले तर उजेड कमी पडतोय, रंग उडाला किंवा मशरूम आक्रसले तर जास्त होतोय. आठ तास पुरतात. टायमर बॅटरी बॅकअपचा घ्या. फिरत्या चकतीचा स्वस्त टायमर वीज गेली की थांबतो आणि चार दिवसांत रात्रीचा दिवस करतो.

वायर सॉकेटच्या खाली लोंबू द्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये जाणार नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. तापमान २६ च्या जवळ. एप्रिल-मेमध्ये पंखा लावा आणि उडालेल्या पाण्याच्या जागी रोज आरओ फिल्टरचं पाणी भरा, कारण गरम पाण्यात तोच उजेड कोरलला जास्त बाधतो.

काचेवरचं मीठ दर आठवड्याला पुसा. महिनोन् महिने साचू देऊन एकदम पुसलं, किंवा पिवळसर पाण्यात ते स्वच्छ करणारा कार्बन (खास कोळसा) टाकला, की एका दिवसात उजेड वाढतो. तेव्हा आधी ब्राइटनेस उतरवा. आणि पुन्हा मीटर आणून मोजा.