दुसऱ्या स्ट्रँडवर शोधलंच नव्हतं

सिंथेटिक बायॉलॉजीत, म्हणजे जीन जोडून जिवाणूंकडून हवं ते काम करून घेण्याच्या क्षेत्रात, येणाऱ्यांसाठी माझी एक चूक सांगते. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातले माझे अडीच महिने डीएनएच्या एका अक्षरापायी गेले. डोंबिवलीहून कुर्ल्यापर्यंत उभ्याने यायचं, इनक्युबेटर उघडायचा आणि प्लेटवर जिवाणूंच्या चार-पाच कॉलनी, त्याही चुकीच्या. ते दिवस आठवले की अजून पोटात खड्डा पडतो.

जीन ई. कोलाय या जिवाणूसाठी कोडॉन-ऑप्टिमाइझ करून (म्हणजे प्रथिन तेच ठेवून, तीन-तीन अक्षरांचे कोडॉन त्या जिवाणूला सोयीचे करून) मागवला होता. गोल्डन गेट या कापून-जोडण्याच्या पद्धतीने तो व्हेक्टरमध्ये, म्हणजे जीन वाहून नेणाऱ्या डीएनएमध्ये, जोडायचा होता. त्यात कापणारं एन्झाइम बीएसए-वन. त्याची साइट, म्हणजे जो अक्षरक्रम ओळखून ते कापतं तो, जीजीटीसीटीसी. ती जीनच्या आत नको, म्हणून फाइलमध्ये शोधली. सापडली नाही, मी निर्धास्त.

इथेच फसले. इको-आर-वन या दुसऱ्या एन्झाइमची साइट जीएएटीटीसी. ती डीएनएच्या दुसऱ्या स्ट्रँडवरही (जोडीच्या धाग्यावर, उलट दिशेने) तशीच वाचली जाते, एकदा शोधलं की भागतं. मला तीच सवय. बीएसए-वनची साइट मात्र दुसऱ्या स्ट्रँडवर असेल, तर आपल्या फाइलमध्ये जीएजीएसीसी अशी दिसते. माझ्या प्रथिनात ग्लुटामेट या अमिनो आम्लाला लागून थ्रिओनिन होतं आणि ऑप्टिमाइझ करणाऱ्या टूलने तिथे नेमकं जीएजी-एसीसी लिहिलं. मूळ जीनमध्ये ही साइट नव्हतीच! कापणारं एन्झाइम आणि जोडणारं लायगेज एकाच ट्यूबमध्ये, ३७ आणि १६ अंशांच्या फेऱ्या चालू. जोडलेला जीन पुन्हा मधेच तुटायचा. मी मात्र लायगेज बदलत होते, कॉम्पिटंट सेल्स (बाहेरचा डीएनए आत घेणाऱ्या पेशी) नव्याने करत होते. जीएजीचं जीएए केलं असतं तरी ग्लुटामेट तेच राहिलं असतं.

ऑप्टिमाइझ झाल्यानंतरचा सिक्वेन्स दोन्ही स्ट्रँडवर तपासल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. व्हेक्टरही तपासा. बेंचलिंग, स्नॅपजीन ही सॉफ्टवेअर हे आपोआप दाखवतात. मी वर्डमध्ये शोधत होते.

चूक शेवटी पीएचडीच्या एका ताईने दाखवली, पाच मिनिटांत. तिला आधी विचारायला मला संकोच वाटला होता. गाईडच्या मोठ्या नावापेक्षा शेजारच्या बाकावर असा सीनियर आहे का, ते बघून लॅब निवडा.

या क्षेत्रात येताना कोडिंग येत नाही म्हणून घाबरू नका, ते जमतं. पण तीन महिन्यांत सगळं शिकवणारे महागडे क्लास नकोत, पैसे पाण्यात जातात. त्यापेक्षा एलोविट्झ आणि लाइब्लर यांचा २००० सालचा रिप्रेसिलेटर (एकमेकांना चक्रात दाबणारे तीन जीन, ज्यांची प्रथिनं आलटून-पालटून वाढतात-घटतात) पायथनमध्ये स्वतः लिहा. सहाच समीकरणं आहेत. प्रथिनं फार टिकली तर ही आंदोलनं, म्हणजे वाढ-घट, थांबतात, हे त्यांना मॉडेलमध्ये दिसलं, म्हणून त्यांनी प्रथिनांना लवकर नष्ट करणारी शेपटी जोडली. ऱ्हासाचा दर बदलून तुम्हीही बघा. अडलात तर कागदावर त्यातली तीन प्रथिनं, लॅक-आय, टेट-आर, सी-वन, मांडून कोण कोणाला दाबतो ते आधी काढा.