मेडिकल कोडिंगला यायचंय? क्लासची फी भरण्याआधी हे वाचा

बी.फार्म., नर्सिंग, बीएचएमएस, फिजिओ किंवा मायक्रोबायोलॉजी झालंय आणि पुण्यातल्या खराडी-हिंजवडीतल्या 'मेडिकल कोडर पाहिजेत'च्या जाहिराती खुणावताहेत, तर हे तुमच्यासाठी. मी बी.फार्म. झालोय. आधी धनकवडीत मेडिकलच्या काउंटरवर डॉक्टरांची अक्षरं लावायचो, आता खराडीत ऑडिटर आहे. म्हणजे इतरांनी लावलेले कोड तपासतो आणि शिव्या खातो.

काम थोडक्यात असं. अमेरिकेत पेशंट डॉक्टरकडे जातो, डॉक्टर नोट लिहितो. ती नोट वाचून कोडर दोन गोष्टी सांगतो: पेशंटला काय झालंय, यासाठी आयसीडी-१०-सीएमचा कोड, आणि डॉक्टरनं काय केलं, यासाठी सीपीटीचा. काही औषधं, उपकरणं वगैरेंसाठी तिसरं पुस्तक, एचसीपीसीएस. निदानानं उपचाराचं समर्थन केलं पाहिजे. गुडघ्याचा एक्स-रे आणि निदान नुसतं सर्दीचं, असा क्लेम गेला की विमा कंपनी पैसे अडवणारच.

बिलिंग म्हणजे याच्या पुढचं: क्लेम पाठवणं, आलेले पैसे नोंदवणं, नाकारलेल्या क्लेमचा पाठपुरावा. त्यातलं एआर कॉलिंग, म्हणजे अडकलेल्या पैशांसाठी विमा कंपनीला फोन करण्याचं काम, बी.कॉम.वाल्यांनाही मिळतं, पण अमेरिकन विमा कंपनीला फोन करायचा तर त्यांच्या वेळेत. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. रात्रपाळी झेपत नसेल तर इंग्रजी कितीही फर्डं असो, तिकडे जाऊ नका. कोडिंगला फोन नसतो, त्यामुळे दिवसाची शिफ्ट मिळू शकते.

नवीन मुलांना वाटतं कोड पाठ करायचे असतात. छे! आय१० म्हणजे ब्लडप्रेशर हे महिन्याभरात आपोआप बसतं. खरी परीक्षा वाचण्याची आहे. एक उदाहरण घ्या. ओपीडीच्या नोटमध्ये लिहिलंय: ताप, खोकला, 'प्रॉबेबल न्यूमोनिया'. नवखा कोडर लगेच न्यूमोनियाचा जे१८.९ लावतो. चूक. ओपीडीत शंकेवर कोड लावायचा नाही, तापाचा आर५०.९ आणि खोकल्याचा आर०५.९ लावायचा. तोच पेशंट ॲडमिट झाला आणि डिस्चार्जच्या वेळीही डॉक्टरनं 'प्रॉबेबल न्यूमोनिया'च लिहिलं, तर मात्र जे१८.९ बरोबर. शब्द तेच, फक्त पेशंट कुठे आहे ते बदललं.

आता उलटं. टाइप टू डायबेटिस आहे, किडनीचा जुनाट आजार स्टेज थ्री-ए आहे, गोळी मेटफॉर्मिन. दोघांचा संबंध डॉक्टरनं लिहिलेला नाही. तरी इथे नियमच सांगतो की संबंध धरा, जोवर डॉक्टर तसं नाही म्हणत नाही. म्हणून ई११.२२, मग स्टेजसाठी एन१८.३१, आणि गोळीसाठी झेड७९.८४. माझ्याकडे परत येणाऱ्या चार्टांत (पेशंटच्या नोंदींत) हा तिसरा कोड हमखास गाळलेला असतो.

हे सगळं आयसीडीच्या अधिकृत गाइडलाइन्समध्ये आहे, आणि ती पीडीएफ अमेरिकन सरकारच्या साइटवर फुकट मिळते. क्लास लावायच्या आधी तिचा पहिला भाग वाचा. कंटाळा आला तर बरंच झालं, फी वाचली. कारण नोकरीत दिवसभर हेच करायचंय. सोबत अप्पा बळवंत चौकातून नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचं ॲनाटॉमीचं पुस्तक आणा, जुनं चालेल. सीपीटीचं तसं नाही. त्याचा हक्क अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे, पुस्तक विकतच घ्यावं लागतं आणि स्वस्त नसतं.

सर्टिफिकेट म्हणजे बहुतेकांसाठी एएपीसी या कोडरांच्या अमेरिकन संस्थेची सीपीसी ही परीक्षा: १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के. पुस्तकं उघडून लिहायची, म्हणून सोपी वाटते, पण पानं चाळण्यातच वेळ जातो. कोड आधी इंडेक्समध्ये शोधायचा, मग टॅब्युलर भागात (कोडांच्या क्रमवार यादीत) जाऊन टीपा वाचून पक्का करायचा. इंडेक्सवरूनच कोड उचलणारा तिथेच घसरतो. अनुभव नसताना पास झालात तर नावापुढे सीपीसी-ए लागतं. तो 'ए' अनुभवाचे पुरावे दिल्यावर निघतो. माझं मत विचाराल तर आधी ट्रेनी म्हणून लागा, कामात हात बसला की परीक्षा द्या. फी डॉलरमध्ये आहे, पहिल्या पगाराआधी घरच्यांच्या खिशाला कशाला चाट? आणि 'नोकरीची हमी, फक्त डिपॉझिट भरा' म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

कामावर अचूकता साधारण ९५ टक्के मागतात, वर रोजचं टार्गेट. पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून मोबाइल लॉकरमध्ये. कित्येक ठिकाणी टेबलावर कागद-पेनही नाही. आयसीडी दर १ ऑक्टोबरला बदलतं, सीपीटी १ जानेवारीला. सोपे चार्ट आता सॉफ्टवेअरच सुचवतं, त्यामुळे वर्ष-दीड वर्षात सर्जरी, इनपेशंट (ॲडमिट पेशंटचं कोडिंग) किंवा ऑडिटकडे सरकायचं बघा.

इंग्रजी नोट वाचणं जडच जात असेल तर पुण्यातल्याच हॉस्पिटलांचा इन्शुरन्स डेस्क पाहा. कॅशलेसचं प्री-ऑथ (उपचाराआधीची मंजुरी), टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्या कंपनीच्या) क्वेरी, डिस्चार्जचं फायनल बिल, आणि समोर 'अहो साहेब, अजून किती वेळ?' विचारणारे नातेवाईक. तिथे मराठीच कामाला येते. मुलाखतीला जाताना आयआरडीएआयचे (विमा नियामकाचे) २०२४चे नियम वाचून जा: कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा, आणि हॉस्पिटलनं डिस्चार्जची विनंती पाठवल्यावर अंतिम मंजुरी तीन तासांत.