फ्लो सायटोमेट्रीसाठी रंग कसे निवडावेत: आधी मशीन, मग पेशी, शेवटी कॅटलॉग

‘सीडी ४ काउंट’ हा शब्द एआरटी, म्हणजे एचआयव्हीवर औषधं देणाऱ्या केंद्राच्या रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत असतो. रक्तात सीडी ४ हे प्रथिन अंगावर असलेल्या पेशी किती, याचा तो आकडा. तो बऱ्याचदा फ्लो सायटोमीटर या यंत्रावर काढतात. पेशी एकामागोमाग एक लेझरसमोरून जातात, त्यांच्यावरच्या ठरावीक प्रथिनाला चिकटलेल्या अँटीबॉडीवरचा रंग चमकतो आणि डिटेक्टर तो उजेड मोजतो. रंग एकच असेल तर काही अडत नाही. चार-पाच झाले की एकाचा उजेड दुसऱ्याच्या डिटेक्टरमध्ये सांडायला लागतो. म्हणून निवडीचा क्रम महत्त्वाचा.

पहिलं काम मशीनपाशी जाऊन करा. कोणते लेझर आहेत आणि प्रत्येकासमोर कोणते फिल्टर बसवलेत, ते वहीत उतरवा. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरहून नमुने घेऊन दुसऱ्याच्या मशीनवर जाणार असाल, तर ही यादी आधीच मागवून घ्या. मशीनवर ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर नसेल तर पॅसिफिक ब्लू हा रंग विकत घेऊन तो फ्रिजमध्येच राहणार.

आता साधं दोन लेझरचं मशीन धरू: निळा ४८८चा, लाल ६४०चा. निळ्यावर एफआयटीसी (उजेड साधारण ५२० नॅनोमीटरला), पीई (५७८) आणि पर्सीपी-सीवाय ५.५ (६९५) हे रंग चालतात, लालवर एपीसी (६६०). पीई-सीवाय ५ मात्र एपीसीसोबत घेऊ नका. दोघांचा उजेड जवळपास एकाच जागी पडतो, शिवाय लाल लेझर सीवाय ५लाही चेतवतो.

दुसरं काम कागदावरचं, आणि खरी कसोटी इथेच आहे. समजा टी-पेशींवर (या रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) सीडी ३, सीडी ४, सीडी ८ आणि सीडी २५ बघायचेत. पहिले तीन पेशीवर भरपूर असतात, सीडी २५ बहुतेक पेशींवर जेमतेम. जे कमी आहे त्याला सगळ्यात तेजस्वी रंग द्यायचा, म्हणजे सीडी २५ला पीई. पुढचा प्रश्न: पीईच्या डिटेक्टरमध्ये सगळ्यात जास्त कोण सांडतं? एफआयटीसी. मग सीडी २५ ज्या पेशींवर शोधायचाय त्यांच्यावर एफआयटीसी नको. शोधायचाय सीडी ४ पेशींवर, म्हणून एफआयटीसी सीडी ८ला द्या. रक्तातल्या बहुतेक टी-पेशींवर सीडी ४ तरी असतो नाहीतर सीडी ८, त्यामुळे तो सांडला तरी आपल्या कामाच्या पेशींवर सांडत नाही. सीडी ४ला एपीसी, सीडी ३ला पर्सीपी-सीवाय ५.५. झालं पॅनल, म्हणजे कोणाला कोणता रंग याची जुळणी.

‘सांडलेलं कॉम्पेन्सेशनने (म्हणजे सांडलेला उजेड हिशेबाने वजा करून) काढून टाकू’ असं बरेच जण म्हणतात. कॉम्पेन्सेशनने सरासरी जागेवर येते, आलेखावर पेशींच्या ठिपक्यांचा फापटपसारा तसाच राहतो, आणि कमजोर सिग्नल नेमका त्यातच बुडतो.

मेलेल्या पेशी कुठलीही अँटीबॉडी ओढून घेतात, म्हणून त्या ओळखणारा एक रंग हवाच. सेव्हन-एएडी स्वस्त आहे, पण तो पर्सीपी-सीवाय ५.५च्याच डिटेक्टरमध्ये येतो. या पॅनलला लाल लेझरवर ७८०च्या आसपास चमकणारा डाय बरा.

आता जोडरंगांविषयी, म्हणजे टँडम. पीई-सीवाय ७मध्ये पीई लेझरचा उजेड घेतो, ऊर्जा शेजारच्या सीवाय ७ला देतो आणि तो ७८५च्या आसपास चमकतो. ऊन, उष्णता लागली की हे जोडकाम बिघडतं आणि पीई स्वतःच चमकायला लागतो. आमच्याकडे एका मे महिन्यात अँटीबॉडींचं पार्सल शनिवारी दुपारी आलं आणि सोमवारपर्यंत गेटवर राहिलं. ‘सायेब, खोकं सावलीतच ठिवलं होतं की,’ असं वॉचमनमामा म्हणाले. बाहेर पारा बेचाळिशीत. आतल्या बर्फाच्या पिशव्यांचं कोमट पाणी झालेलं. तेव्हा आमचा सीडी ४ पीई-सीवाय ७वर होता. वापरला, आणि निरोगी माणसाच्या रक्तात जवळपास सगळ्या सीडी ४ पेशी सीडी २५ पॉझिटिव्ह निघाल्या. दोन दिवस आम्ही खुशीत! मग फक्त पीई-सीवाय ७ घातलेली ट्यूब चालवली, तर तिच्यातही पीईचा सिग्नल ठसठशीत. घोडचूक आमचीच: कॉम्पेन्सेशन मागच्या महिन्याचं वापरलं होतं.

तेव्हापासून सीडी ४ एपीसीवर. पर्सीपी-सीवाय ५.५ हाही टँडमच, पण तो तुटला तरी पर्सीपीचा उजेड ६७५च्या आसपास, म्हणजे बराचसा त्याच डिटेक्टरच्या हद्दीत राहतो. सगळ्यात कमी त्रास देणारं टँडम निवडायचं ते असं.

नमुना लावण्याआधी प्रत्येक अँटीबॉडीचं प्रमाण ठरवा. बाटलीवर ५ मायक्रोलिटर लिहिलं असेल तर ५, २.५, १.२५ असं निम्मं-निम्मं करत पाहा. कित्येकदा निम्म्यात काम भागतं आणि बाटली दुप्पट पुरते. मग कॉम्पेन्सेशनसाठी एकेका रंगाच्या वेगळ्या ट्यूब, त्याच बाटलीतून, त्याच दिवशी. आणि सीडी २५साठी एक ट्यूब अशी, जिच्यात पीई सोडून बाकी सगळं आहे. पॉझिटिव्हची रेषा त्या ट्यूबवरून आखायची, नजरेने नाही.

बाटल्या २ ते ८ अंशांत, फॉइलमध्ये, फ्रीझरच्या कप्प्यापासून लांब ठेवा. गोठला की पीई गेला. उन्हाळ्यात ऑर्डर देताना माल सोमवारीच पाठवायला सांगा आणि वॉचमनमामांना फोन नंबर देऊन ठेवा.