औषधांची आगोट

मे महिना उतरणीला लागला की आमच्या मिरकरवाड्यात होड्या वर घ्यायची गडबड सुरू होते. १ जूनपासून मासेमारी बंद. घराघरांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायची, बेगमी चाललेली असते: तांदूळ, मसाला, आमसुलं, सोडे, सुके बोंबील, कांद्याच्या माळा. या यादीत औषध कधीच नसतं. ते संपलं की आणायचं, अशी सगळ्यांची रीत. पण बंदर बंद म्हणजे कमाई बंद, आणि बीपीची गोळी काही पावसाळ्यात सुट्टी घेत नाही. म्हणून सांगतो, आगोट भरताना औषधांचीही भरा. कशी भरायची ते खाली लिहितो. रत्नागिरीत ३१ वर्षं मी मेडिकल चालवलं. आता सून चालवते, ती शिकलेली फार्मासिस्ट आहे. मी दुपारचे दोन तास काउंटरवर असतो.

लिहायला बसलो त्याचं कारण एक वहिनी. कोळंबीच्या कंपनीत सोलायला जायच्या. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क आधी २५ आणि मग ५० टक्क्यांवर नेलं. कोळंबीवर अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे फार स्वस्तात माल ओततात म्हणून लावलेला जादा कर, आधीपासून होतंच, त्यावर हे चढलं. आपल्या गोठवलेल्या कोळंबीचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. पुढे ते दर बदलत गेले, पण वहिनींची पाळी तोवर आठवड्याला सहा दिवसांवरून तीन दिवसांवर आली होती. घरातली कुठली गोष्ट कमी करायची, याचा त्यांनी एकटीनं विचार केला आणि नवऱ्याची बीपीची गोळी एक दिवसाआड द्यायला लागल्या. कोणाला बोलल्या नाहीत. दिवाळीनंतर त्याची उजवी बाजू गेली. ३० गोळ्यांचं पाकीट त्यांना दोन महिने पुरत होतं, हे माझ्या वहीत दिसत होतं. मी ते पाहिलं नाही. याची बोचणी मला अजून आहे.

तेव्हा पहिली गोष्ट हीच: पैसे कमी पडले तर गोळी कमी करू नका, गोळीची किंमत कमी करून घ्या. ते जमतं, आणि बहुतेक घरांत मोठ्या फरकानं जमतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात घरातली सगळी पाकिटं चटईवर ओता. चष्मा लावा. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीनं ठेवलेलं असतं, ते सोडून द्या. त्याच्याखाली बारीक अक्षरात खरं औषध असतं, आम्ही दुकानात त्याला कंटेंट म्हणतो. टेल्मिसार्टन ४०, ॲम्लोडिपिन ५, मेटफॉर्मिन ५००, ॲटॉरवास्टॅटिन १०, आपल्या भागातल्या साठीच्या पुढच्या घरांत बहुधा यांतलं एखाददुसरं निघतंच. वहीच्या पानावर कंटेंट, त्याचे मिलिग्रॅम, पाकिटात गोळ्या किती, छापील किंमत आणि एका गोळीचा भाव असं लिहा. एका गोळीचा भाव काढल्याशिवाय काही कळत नाही, कारण एक पाकीट १० चं, दुसरं १५ चं आणि तिसरं १४ चं असतं. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल अशी अक्षरं असतील तर तीही उतरवून घ्या. ती गोळी पोटात हळूहळू विरघळते. तिच्या जागी साधी चालत नाही आणि ती मोडून खायची नाही.

आता भाव का वाढतो ते थोडं सांगतो, म्हणजे कुठे भांडायचं आणि कुठे नाही हे कळेल. आवश्यक औषधांच्या यादीतल्या गोळ्यांची कमाल किंमत सरकार ठरवतं. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार ते काम एनपीपीए, म्हणजे राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण, करतं. किरकोळ दुकानदाराच्या नफ्याचे १६ टक्के धरूनच ती किंमत निघते. दर एप्रिलला ती घाऊक महागाईच्या आकड्याप्रमाणे हलते: २०२२ मध्ये १०.७७ टक्के, २०२३ मध्ये १२.१२, २०२५ मध्ये १.७४. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. गिऱ्हाईक म्हणतं 'गेल्या वर्षी एवढी नव्हती', ते खोटं नसतं. शिवाय गोळीचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात चीनमधून येतो, आणि बाहेरून येणाऱ्या बऱ्याच वैद्यकीय उपकरणांवर २०२० मध्ये ५ टक्के आरोग्य उपकर लागला. दुसऱ्या बाजूनं, फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ३६ जीवरक्षक औषधांवरचं सीमाशुल्क पूर्ण माफ झालं. त्याआधीच्या वर्षी कर्करोगाच्या तीन औषधांवरचं झालं होतं. घरात असा आजार असेल तर आपलं औषध त्यात आहे का, हे डॉक्टरांना नक्की विचारा.

आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. छापील किमतीत कर धरलेला असतो. म्हणजे जी गोळी करासकट ११२ रुपयांना होती ती १०५ ला मिळाली पाहिजे. जुनी किंमत छापलेलं पाकीट हातात आलं तर बिल मागा आणि कराचा आकडा पाहा. ३३ औषधांवर तर करच राहिला नाही.

वही तयार झाली की ती घेऊन डॉक्टरांकडे जा. आधी आमच्या दुकानात येऊ नका. चिठ्ठीवर एका कंपनीचं नाव असेल तर मी तुम्हाला त्याच कंटेंटची दुसऱ्या कंपनीची गोळी माझ्या मनानं द्यायची नाही, असा कायदा आहे. डॉक्टरांनी कंटेंटचं नाव लिहिलं की माझे हात मोकळे होतात. संकोच करू नका. सरळ म्हणा, "डॉक्टर, पावसात धंदा नसतो, गोळी चुकवायची नाही, स्वस्तातली लिहून द्या." मी पाहिलेल्या डॉक्टरांपैकी फार थोडे यावर रागावले. दोन औषधं एकत्र असलेली गोळी असेल तर तीच दोन औषधं वेगवेगळी घेतल्यास किती पडतात, तेही विचारा. कधी निम्म्यात बसतं, कधी उलट महाग पडतं. हिशेब करूनच ठरवा.

काही औषधांत मात्र कंपनी बदलायची घाई नको: थायरॉईडची गोळी, फिट्सची औषधं, रक्त पातळ करणारं वॉरफरिन. यांत थोडाही फरक अंगाला जाणवतो. बदललंच तर डॉक्टरांना सांगून आणि त्यांनी सांगितलेली तपासणी करूनच.

मग जनऔषधी केंद्र. ही सरकारी योजना २००८ ची, भाव बाजारापेक्षा साधारण ५० ते ८० टक्के कमी. फोनवर 'जनऔषधी सुगम' ॲपमध्ये जवळचं केंद्र आणि किंमत दोन्ही दिसतं. लोक एक चूक करतात: पाकीट संपल्यावर जातात, त्या दिवशी ती गोळी केंद्रात नसते, आणि 'तिकडे काही मिळत नाही' म्हणून परत येतात. आठ दिवस आधी जा, यादी देऊन ठेवा. मी स्वतः मेडिकलवाला असून हे सांगतो याचं काहींना नवल वाटतं. पण माणूस गोळी खाऊन चालता राहिला तर आमच्याही दुकानात येईल. साध्या दुकानातही जेनेरिक असतं, फक्त तिथे छापील किमतीवर जाऊ नका. कंपनीच्या जाहिरातीशिवाय विकल्या जाणाऱ्या गोळीवर छापलेली किंमत आमच्या खरेदीच्या कितीतरी पट असते. "देणार कितीला?" एवढंच विचारा.

गोळी बदलल्यावर दोन-तीन आठवड्यांनी बीपी किंवा साखर मोजून घ्या. आकडा जागेवर असेल तर मनातली शंका काढून टाका.

फुकटची वाट अनेकांना ठाऊक असूनही ते जात नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी आणि साखरेची नोंद होते, गोळ्याही मिळतात. बीपीचे रुग्ण नोंदवून सलग औषध देण्याचा जो राष्ट्रीय उपक्रम निघाला, त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग होता. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. रांग असते, हे खरं आहे. नोंद करून ठेवलीत तर निदान खाजगीतली गोळी परवडेनाशी झाल्यावर जायला जागा असते. वहिनींना ही जागा कोणी दाखवली असती तर, हे माझ्या मनात राहून राहून येतं.

किती भरायचं? अडीच महिन्यांचं पुरे. ऑगस्टच्या मध्यापर्यंत हातात पैसा यायला लागतो. त्याहून जास्त घेऊ नका, डॉक्टरांनी मात्रा बदलली तर ते पाकीट वाया जातं. मुदत डिसेंबरच्या पुढची पाहून घ्या. घरात किती गोळ्या आहेत त्या मोजून वजा करा.

आपल्याकडचा पाऊस औषधांचा वैरी आहे. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरून ठेवल्या की जुलैत त्या ओल धरतात, रंग बदलतात. पाकिटातच राहू द्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, चुलीच्या वरच्या फळीवर किंवा न्हाणीजवळ ठेवू नका. साखर मोजायच्या पट्ट्यांची बाटली तर क्षणभरही उघडी ठेवायची नाही, दमट हवेनं पट्टी चुकीचा आकडा दाखवते. (मशीन घेताना मशीनची किंमत पाहू नका, ५० पट्ट्यांची पाहा. खर्च तिथे आहे.) इन्सुलिनची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. वादळात दोन-दोन दिवस वीज जाते, तेव्हा एका मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बाटली, आणि हे सगळं घरातल्या थंड कोपऱ्यात. वापरात काढलेली बाटली साधारण चार आठवडे चालते. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा.

दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर पळापळीत कागद सापडत नाहीत, म्हणून तेही मेमध्येच. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता कोणत्याही रंगाच्या रेशनकार्डाला आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ती सगळ्यांना खुली झाली आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचं संरक्षण आलं. ७० पूर्ण झालेल्या माणसाला उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ते करून ठेवा. भरतीच्या वेळी पैसे भरण्याआधी योजनेतल्या दवाखान्यातला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, गाठा आणि हा आजार योजनेत बसतो का ते विचारा. बसत नसेल तर दरपत्रक दाखवा म्हणा, ते लावणं बंधनकारक आहे. औषधं तिथल्याच दुकानातून घेण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. हृदयाच्या नळीत बसवतात त्या जाळीच्या, म्हणजे स्टेंटच्या, किमतीला २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, बिलात त्याची ओळ वेगळी मागा.

किराण्यात वाचवाल तर औषधाला उरेल, म्हणून तेलाचं एवढंच. आपलं पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचा एकूण कर ५.५ वरून २७.५ टक्के झाला, मे २०२५ अखेर तो १६.५ वर आला. तेव्हा किंमत चढली ती पूर्ण उतरली का, हे तुमची वहीच सांगेल. पिशवीवरचे ग्रॅम वाचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, आणि तशाच दिसणाऱ्या पिशवीत ८०० किंवा ८५० असतं. भाव नेहमी किलोचा काढा.

आरोग्य विमा असेल तर मोडू नका. वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. नूतनीकरणाच्या पावतीत तो दिसता कामा नये.

दुकानात आम्ही आता एक केलंय. कायमच्या गोळ्या घेणाऱ्यांची तारीख सून वहीत लाल शाईनं लिहिते. पाच दिवस उलटले आणि माणूस आला नाही, तर मी फोन करतो. पैशाचं विचारत नाही, "गोळ्या आहेत ना?" एवढंच. वहिनींचा नवरा आता काठी घेऊन धक्क्यापर्यंत जातो. यंदा त्या १२ मेलाच आल्या. चिठ्ठीवर कंटेंट लिहिलेला होता. मी ७५ गोळ्या मोजून दिल्या. त्यांनी त्या माझ्यासमोर पुन्हा मोजल्या आणि डबा कुठल्या फळीवर ठेवू, ते विचारून गेल्या.