पेरणी फसली तर आधी ओळ उकरा, शिव्या मग द्या

आपल्याकडं सोयाबीन उगवलं नाही की दोनच कारणं असतात, एकतर बियाणं बोगस नायतर नशीब फुटकं. मी पण लागोपाठ दोन वर्षं हेच म्हणत दुबार पेरणी केली, पैसे गेले आणि शिकलो काहीच नाही. दुसऱ्या वेळेस दाजी आले होते परभणीहून, ते म्हणले, अरे दुकानदारावर ओरडायलास पण खाली काय झालंय ते उकरून तरी बघितलंस का? नव्हतं बघितलं.

तर आधी हे करा. पेरून ७-८ दिवस झाले, ओळी दिसंनात, तर खुरपं घेऊन रानात ८-१० ठिकाणी, एका कोपऱ्यात नाही, सगळीकडून थोडी थोडी ओळ उकरायची. बी कोरडं, जसंच्या तसं निघालं तर ओल कमी पडली, म्हणजे घाई आपलीच. बी फुगून सडलंय, वास येतोय, तर पाणी साचलं किंवा बी आधीच मेलेलं होतं. कोंब निघालाय पण मान वाकडी होऊन मातीखाली अडकलाय, तर बी खोल पडलं नायतर वरून मातीची पापडी धरली. माझ्याकडं हेच निघालं! ट्रॅक्टरवाल्याला फण वर घे म्हणायचं सोडून मी बांधावर फोनवर बोलत बसलो होतो. सोयाबीन ३-४ सेंटीमीटरच्या खाली नको.

उकरलेलं त्याच दिवशी वहीत लिहा, दिवाळीपर्यंत आपणच गोष्ट बदलून सांगायला लागतो (मी तर सांगत होतो की पाऊसच झाला नाही). पेरणीची तारीख, तोवर पडलेला पाऊस, बियाणं कुठलं, किती खोल. पानाच्या एका बाजूला आपल्या हातातलं, दुसऱ्या बाजूला हाताबाहेरचं. पावसाचा खंड हाताबाहेरचा, पण ७५ ते १०० मिलिमीटर पडायच्या आधी पेरलं ते हातातलं, शेजाऱ्याची तिफण चालू झाली म्हणून आपली जुंपली ते तर पूर्ण हातातलं.

बियाण्यावर संशय असेल तर पुढच्या वेळेस तो पेरायच्या आधी घ्या. गोणपाट भिजवायचं, त्यावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं, ६-७ दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो पुरतं. ६२ आले तर ३० गुणिले ७० भागिले ६२, म्हणजे ३४ किलोच्या आसपास. ६० च्या खाली आलं तर ते बियाणं पेरूच नका, मग ते घरचं का असंना. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, पोती आदळली, थप्पी उंच लावली की उगवण मार खाते, आणि घरच्या बियाण्याचं हे आपणच करतो. माझ्या घरच्याचे ५८ निघाले होते, बायको म्हणली बरं झालं आधीच कळलं, मला मात्र दिवसभर वाईट वाटत होतं.

आता बियाणं खरंच खराब असंल तर? असतंय की, २०२० ला मराठवाडाभर उगवणीच्या तक्रारी झाल्या होत्या त्या काय सगळ्या खोट्या नव्हत्या. म्हणून पावती, पिशवी, टॅग आणि मूठभर बी ठेवूनच द्यायचं, आणि रान मोडायच्या (म्हणजे दुबार पेरायला पुन्हा पाळी घालायच्या) आधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्यायची. मी पहिल्या वर्षी आधी रान मोडलं आणि मग तक्रार घेऊन गेलो, पंचनामा कशाचा करणार ते?

अजून एक, पुढच्या वर्षी सगळंच एकदम बदलू नका. वाण पण नवीन, यंत्र पण नवीन, तारीख पण वेगळी असं केलं तर उगवलं तरी कशानं उगवलं कळत नाही. मी गेल्या साली फक्त पेरणीची खोली बदलली, तीन काकऱ्या पेरल्या की खाली उतरून माती बाजूला सारून बी बघत होतो, ट्रॅक्टरवाला वैतागला, चहा पाजला त्याला.