माशांच्या टाकीतल्या पाणरोपांसाठी खत: दोन बाटल्या, वेगळे वार

शेतीवाल्या कुणाला गावाहून येताना विद्राव्य खताच्या दोन पुड्या आणायला सांगा: १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ०-५२-३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. १९-१९-१९ हे मिश्र खत मात्र चुकूनही नको. त्यात युरिया आणि अमोनियाच्या रूपातला नत्र असतो, मासे उलटे तरंगायला लागतील.

अर्धा लिटर आरओच्या पाण्यात २० ग्रॅम नायट्रेट आणि २ ग्रॅम फॉस्फेट विरघळवा. नायट्रेट विरघळताना बाटली हाताला गार लागते, घाबरू नका. १०० लिटरच्या टाकीत यातले १० मिलि घातले की नायट्रेट सुमारे अडीच पीपीएमने (लिटरमागे अडीच मिलिग्रॅमने) वाढतं, फॉस्फेट पाव पीपीएमच्या जरा वर. सोमवार, बुधवार, शुक्रवार हे पुरे. स्वयंपाकघरातला काटा २ ग्रॅमला दगा देतो. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घ्या.

लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं दुसऱ्या, गडद बाटलीत, मंगळवार-गुरुवार-शनिवारी. एकाच बाटलीत कोंबलं तर लोह-फॉस्फेटचा गढूळ साका तळाशी बसतो आणि रोपांच्या वाट्याला काहीच येत नाही.

मुंबईत नळाला तलावांचं मऊ पाणी येतं, त्यामुळे मॅग्नेशियम कमी पडू शकतं. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर केमिस्टकडचं एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) चिमूटभर.

रविवारी निम्मं पाणी बदला, नव्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारून. साठलेलं जादा खत त्यातच निघून जातं. टाकीत रोपं चारच असतील किंवा दिवा मिणमिणता असेल, तर सगळंच निम्म्यावर आणा.