रिटर्नचा हंगाम: टेबल मांडण्याआधीची तयारी

आपण लोकांची आयकर रिटर्नं भरून देणारे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जी पार्टी, म्हणजे क्लायंट, 'रिटर्न टाकून मोकळं करा' म्हणत येते, तिचं रिटर्न तेव्हा टाकू नये. जानेवारी ते मार्चच्या कपातीचं टीडीएस (उत्पन्नातून आधीच कापलेला कर) विवरण भरायला कापणाऱ्याला ३१ मेपर्यंत मुदत असते आणि फॉर्म १६ (पगार आणि कपातीचा दाखला) द्यायला १५ जूनपर्यंत. त्याआधी २६एएस किंवा एआयएस (आयकर विभागाकडे नोंदलेली कपात आणि उत्पन्न दाखवणारी विवरणं) उघडलं, तर शेवटच्या तिमाहीची कपात त्यात नसण्याचीच शक्यता जास्त. ती सोडून रिटर्न गेलं की जुलैत तेच रिटर्न सुधारून पुन्हा भरा, आणि तेही फुकट. मात्र लवकर आलेल्या माणसाला रिकाम्या हाती परत पाठवू नये. पॅन, आधार, मोबाइल आणि बँक खातं यांची डागडुजी करायला एप्रिल-मेइतके निवांत दिवस पुन्हा मिळत नाहीत.

डागडुजीत सगळ्यात जास्त वेळ खातात ती बायकांची नावं. पॅन कॉलेजात असताना काढलेलं, म्हणून त्यावर माहेरचं आडनाव. आधार लग्नानंतर बदललेलं. बँकेच्या पासबुकावर नवं नाव आणि जुनं आडनाव अशी तिसरीच जोडी. पॅनवर लग्नानंतरही वडिलांचंच नाव असतं हे अनेकींना माहीत नसतं, आणि दुरुस्तीच्या अर्जात त्या रकान्यात नवऱ्याचं नाव घातलेलं असतं. पॅन-आधार जोडणीत नाव, जन्मतारीख आणि लिंग या तीन गोष्टी जुळाव्या लागतात. जोडणी राहिली असेल तर १००० रुपये भरून ती करता येते, पण नावच वेगळं असेल तर आधी एक कागद सुधारायला लागतो. पॅन निष्क्रिय असेल तर रिटर्न जातं, परतावा मात्र अडकतो. म्हणून पॅन, आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहावं. पासबुकावरून आयएफएससीही तपासावा, कारण विलीन झालेल्या बँकांचे जुने कोड आयकर पोर्टलवर तसेच पडून असतात. खातं पोर्टलवर व्हॅलिडेट झालेलं आणि परताव्यासाठी निवडलेलं आहे, हे रिटर्न भरण्याआधी पाहावं. 'सगळ्यांचा रिफंड आला, माझाच नाही' या ऑगस्टमधल्या फोनचं उत्तर बहुतेक वेळा इथंच सापडतं.

पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल क्लायंटचाच हवा. सोय म्हणून पन्नास जणांना ऑफिसचा एकच ईमेल लावला की नोटीस कुणाची आली हे आपल्यालाही कळत नाही, आणि क्लायंटला तर नाहीच. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागानं खोट्या वजावटी दाखवणाऱ्या रिटर्नांवर देशभर तपासणी मोहीम उघडली, तेव्हा हेच पुढे आलं होतं: घाऊक रिटर्नं भरण्यापुरते तात्पुरते ईमेल काढलेले, नंतर वाऱ्यावर सोडलेले, आणि नोटिसा न वाचता पडलेल्या. क्लायंटकडे ईमेल नसेल तर मुलाचा किंवा सुनेचा घ्यावा आणि तो कुणाचा आहे ते फाइलवर लिहावं. पासवर्डांची वही भिंतीवरच्या कॅलेंडरमागे ठेवायची पद्धत आता तरी बंद करावी.

मग कागद. 'सगळे कागद घेऊन या' म्हटलं की लोक वीजबिल आणतात. त्यापेक्षा फोनवरच प्रश्न विचारावेत, होय-नाहीत उत्तर येईल असे. वर्षात नोकरी बदलली का? घर, प्लॉट, शेतजमीन विकली का, घेतली का? शेअर, म्युच्युअल फंड विकला का, एका फंडातून दुसऱ्यात स्विच केलं का? ठेव मोडली का? घरात कुणी वारलं का? हा शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो, पण वारसाला मृताचं रिटर्न भरायचं असतं, फॅमिली पेन्शन सुरू झालेली असते, आणि ती पगारात न धरता इतर उत्पन्नात धरावी लागते. स्विचचा प्रश्न मुद्दाम वेगळा विचारावा, कारण 'मी काही विकलंच नाही' म्हणणाऱ्याच्या एआयएसमध्ये लाखांची विक्री दिसते. स्विच म्हणजे जुन्या फंडाची विक्रीच.

नोकरी बदललेल्या माणसाशी बोलणं सगळ्यात कठीण जातं. समजा एप्रिल ते जून पहिल्या कंपनीत तीन लाख मिळाले. वर्षाचा अंदाज बारा लाख, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन), उरलेलं बारा लाखांच्या करसवलतीत बसतं, म्हणून तिनं कर कापला नाही. पुढचे नऊ महिने दुसऱ्या कंपनीत सव्वा अकरा लाख. तिला आधीचा पगार सांगितलाच नव्हता, म्हणून तिथंही कपात शून्य. दोन्ही फॉर्म १६ स्वच्छ. एकत्र केल्यावर मात्र सव्वाचौदा लाख होतात, वजावट एकदाच, म्हणजे करपात्र साडेतेरा लाख. नव्या करपद्धतीत त्यावर ८२,५०० कर आणि चार टक्के उपकर धरून ८५,८०० होतात, वर आगाऊ कर न भरल्याचं व्याज. 'दोन्हीकडे झिरो आहे, मग हे पैसे आले कुठून?' असं तो विचारणारच. तोंडी समजावू नये. एका कागदावर दोन रकाने आखून बेरीज त्याच्याच हातानं करवून घ्यावी. स्वतः केलेल्या बेरजेशी माणूस सहसा भांडत नाही.

'बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही ना?' हा यंदाच्या हंगामाचा प्रश्न. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी उत्तर असं: नव्या पद्धतीत, निवासी व्यक्तीला, साध्या दरानं लागणाऱ्या करावर कलम ८७एची सवलत कमाल ६०,००० मिळते, म्हणून बारा लाखांपर्यंतचा साधा कर शून्य होतो. विशेष दरांच्या उत्पन्नावर ती मिळत नाही. नऊ लाख पगार आणि शेअरचा ८०,००० अल्पकालीन नफा असलेल्या मुलाचा पगारावरचा कर शून्य होतो. नफ्यावर वीस टक्के म्हणजे १६,००० आणि उपकरासह १६,६४० भरावेच लागतात. मोबाइलवर ट्रेडिंग करणारी पोरं हे ऐकून आपल्यालाच खोटं पाडतात. म्हणून ब्रोकरचं कर विवरण आधी मागवून घ्यावं. तोंडी 'थोडाफार नफा' ऐकून हिशेब सांगू नये. फ्युचर्स-ऑप्शन्स निघाले तर तो धंदा ठरतो, फॉर्म बदलतो आणि फीसुद्धा बदलते. हे पहिल्याच दिवशी बोलावं.

ज्येष्ठांचा गोंधळ वेगळा. बँकेला १५एच फॉर्म दिला म्हणजे व्याज माफ, अशी पक्की समजूत असते. त्या फॉर्मनं फक्त कपात थांबते, व्याज उत्पन्नात येतंच. पतसंस्थेतल्या ठेवींबद्दल तर खोदून विचारावं लागतं, कारण सभासदाच्या व्याजावर लहान पतसंस्था टीडीएस कापत नाहीत, आणि एआयएसमध्ये काही दिसलं नाही की आपणही विसरतो. जोडखात्याचं उलटं होतं. ठेव बायकोच्या पैशांची, पण पहिलं नाव नवऱ्याचं, म्हणून सगळं व्याज त्याच्या एआयएसमध्ये. अशा नोंदीवर एआयएसमध्ये प्रतिसाद देण्याची सोय आहे. ती वापरावी आणि बायकोच्या रिटर्नमध्ये ते व्याज खरोखर दाखवावं.

शेती. इथं थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडे नोकरदाराच्या नावावरही दोन एकर असतातच. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ५,००० च्या वर गेलं की आयटीआर-१ आणि आयटीआर-४ हे रिटर्नचे सोपे फॉर्म चालत नाहीत. इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर शेतीचा आकडा दर ठरवताना मिळवलाही जातो. निव्वळ उत्पन्न पाच लाखांच्या वर दाखवलं, तर जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की कसायला घेतलेली, बागायत की जिरायत हे सगळं भरावं लागतं. क्षेत्र एकरात मागतात, आणि सातबारा बोलतो हेक्टर-आर. उताऱ्यावर १.२०.०० लिहिलं असेल तर ते १ हेक्टर २० आर, म्हणजे साधारण २.९६ एकर. घाईत १.२० एकर टाइप झालं की तेवढ्या जमिनीत आठ लाखांचा ऊस कसा निघाला, हे विचारायला जागा होते. शिवाय सातबाऱ्यावर तीन भावांची नावं असतात. आपल्या माणसाचा हिस्सा किती, ते आठ-अ पाहून ठरवावं. सोबत कारखान्याचं ऊसबिल किंवा बाजार समितीतल्या अडत्याची पट्टी. पट्टी नसलेल्या शेतीउत्पन्नाचा आकडा 'गेल्या वर्षीइतकाच टाका' म्हणून टाकू नये.

दुकानदारांत बरेच जण कलम ४४एडीत, म्हणजे विक्रीच्या ठराविक टक्क्यांना नफा धरण्याच्या सोयीत, बसतात. बँकेतून, यूपीआयवरून आलेल्या विक्रीवर सहा टक्के, रोखीवर आठ. चाळीस लाखांच्या विक्रीत पंचवीस लाख यूपीआय-बँकेचे असतील तर त्यावर दीड लाख, उरलेल्या पंधरावर एक लाख वीस हजार, मिळून नफा किमान दोन लाख सत्तर हजार. विक्रीचा आकडा जीएसटीच्या विवरणांशी आणि बँकेतल्या जमेशी जुळवूनच घ्यावा. एलआयसी एजंटला ४४एडी लागू होत नाही, कमिशन आहे ते. तरी दरवर्षी कुणीतरी कुणाचं तरी तसं भरून ठेवलेलं सापडतं. जुनी करपद्धत हवी असलेल्या धंदेवाल्याला १०-आयईए हा फॉर्म मुदतीच्या आत भरावा लागतो. पगारदाराला ती निवड रिटर्नमध्येच करता येते, पण ३१ जुलैच्या आत. उशीर झाला की नवी पद्धत, आणि पाच लाखांवरच्या उत्पन्नाला ५,००० दंड.

'शेजारच्याला साठ हजार रिफंड काढून दिला, तुम्हाला का जमत नाही?' याला एकच उत्तर तयार ठेवावं: जुन्या पद्धतीत वजावट मागितली की विम्याचा पॉलिसी क्रमांक, गृहकर्जाचा खाते क्रमांक, लाखाच्या वर भाडं असेल तर घरमालकाचं पॅन दाखवावं लागतं. कागद आणा, वजावट घेतो. राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीच्या पावत्या घेऊन कुणी आलं तर पैसे कुठल्या खात्यातून गेले ते विचारावं, आणि देणगीतले काही परत आले का तेही. खोटी वजावट पकडली गेली तर दंड कराच्या दुप्पट होऊ शकतो, आणि तो क्लायंटच्या माथी बसतो. रिफंडच्या टक्क्यांवर फी ठरवणाऱ्यांच्या नादी लागूच नये. कर्जासाठी 'आठ लाख दाखवा' म्हणणाऱ्यालाही कागदाचाच नियम.

कर भरण्याच्या चलनात यंदा एक नवा सापळा आहे. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आणि त्यात 'कर वर्ष' आलं. आर्थिक वर्ष २०२५-२६ चं आकारणी वर्ष २०२६-२७, आणि चालू वर्षाचं कर वर्षही २०२६-२७. आकडे तेच, वर्षं वेगळी. जून-जुलैत एकाच माणसाचा मागच्या वर्षाचा उरलेला कर आणि या वर्षाचा आगाऊ कर एकाच दिवशी भरताना हात चुकणारच. कुठल्या उत्पन्नाचे पैसे भरतोय ते आधी कागदावर लिहावं, मग पोर्टल उघडावं, आणि पावती आली की कायदा आणि वर्ष मोठ्यानं वाचावं.

रिटर्न गेल्यावर तीस दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) झालं नाही तर व्हेरिफाय केलेली तारीखच भरल्याची तारीख धरतात. २८ जुलैचं रिटर्न सप्टेंबरचं होतं, आणि दंड आपल्या खिशातून जातो. म्हणून क्लायंट आधारला जोडलेला मोबाइल घेऊन समोर बसला असतानाच भरावं. फोन घरी चार्जिंगला असेल तर त्याला घरी पाठवावं. पोचपावतीची प्रत देताना तिच्यावर पेननं लिहावं: १४३(१) ची सूचना (रिटर्न तपासून विभागानं कळवलेला हिशेब) ईमेलवर येईल, फाइलचा पासवर्ड छोट्या इंग्रजी अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, आठ आकडी. आणि खाली: नोटीस आली तर त्याच दिवशी फोन करा, उत्तराला पंधरा किंवा तीस दिवसच असतात.